परदेशी सहलीचा खर्च: रोख किती, कार्डात किती, आणि गावातूनच काय उरकायचं

कापसाचा चुकारा ज्या खात्यात जमा होतो, त्याच खात्याचं एटीएम कार्ड घेऊन बँकॉकच्या मशीनपुढे उभे राहिलात, तर ते कार्ड बहुधा तसंच परत बाहेर येईल. मग खात्यात दोन लाख असोत की वीस. जनधन, किसान क्रेडिट कार्ड, जिल्हा मध्यवर्ती बँक यांचं साधं रुपे कार्ड मुळात देशातल्या वापरासाठी असतं. बाहेर चालायला व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवं, निदान रुपे ग्लोबल तरी. तेव्हा आधी पाकिटातलं कार्ड काढून त्यावरचा शिक्का वाचा.

व्हिसा असलं तरी काम संपत नाही. २०२० पासून नवं कार्ड परदेशी वापरासाठी बंद ठेवूनच हाती येतं. बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय वापर चालू करावा लागतो. तिथे एटीएम, दुकानातलं मशीन, ऑनलाइन आणि टॅप अशी वेगवेगळी बटणं असतात. पहिली दोन चालू करा, ऑनलाइन बंदच राहू द्या. परदेशी वेबसाइट बऱ्याचदा ओटीपी मागतच नाही, नुसत्या कार्डनंबरवर पैसे कापले जातात. हे सगळं घरी बसूनच उरका. एकदा विमानात बसलं की तालुक्याच्या शाखेतले साहेब फोन उचलतील या भरवशावर राहू नये.

परकीय चलन तालुक्याला सहसा मिळत नाही. नागपूर किंवा अमरावतीला एक चक्कर धरा, निघण्याआधी दहा-पंधरा दिवस. मुंबई विमानतळावर घेऊ म्हणाल तर मिळेल, पण महाग पडेल. पासपोर्ट, पॅन, तिकीट आणि लागत असल्यास व्हिसा, यांच्या झेरॉक्स सोबत ठेवा. चलन घेतल्यापासून ६० दिवसांच्या आत प्रवास सुरू व्हायला हवा. आणि एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना हमखास अडते: चलनासाठी रोख रुपये फक्त ५०,००० पर्यंतच घेतले जातात. त्यापुढची रक्कम चेकने किंवा खात्यातून द्यावी लागते. अडत्याकडून आलेली रोख थैलीत घेऊन गेलात, तर अर्ध्यावर परत यावं लागेल.

काउंटरवर ‘डॉलरचा भाव काय’ असं विचारू नका. ‘सगळं धरून ५०० डॉलरचे एकूण किती रुपये’ असं विचारा, आणि दोन ठिकाणी विचारा. मोबाइलवर दिसणाऱ्या दराहून एक-दीड टक्का जास्त लागला तर ठीक, चार टक्के लागला तर उठा. जीएसटी रकमेवर नसतो, तिच्या छोट्या भागावर असतो: ५०,००० रुपयांच्या चलनावर ९० रुपये. ‘टॅक्स फार लागतो’ म्हणून कोणी हजार-दीड हजार जोडत असेल, तर पावती मागा. आर्थिक वर्षात १० लाखांच्या आतल्या चलनावर टीसीएसही (पैसे घेतानाच कापून घेतला जाणारा आयकर) लागत नाही. रोख नोटा एका सहलीत माणशी ३,००० डॉलरपर्यंतच नेता येतात, उरलेलं कार्डात.

डॉलर घेताना शंभराच्या नोटा घ्या, आणि एकेक नोट उजेडात धरून पाहा. पेनाचा फराटा, बँकेचा शिक्का, कोपरा फाटलेला असेल तर तिथेच बदलून मागा. थायलंड-व्हिएतनाममध्ये अशी नोट परत करतात किंवा भाव पाडून घेतात. लहान नोटांना बँकॉकमध्ये कमी भाव मिळतो, हेही ध्यानात ठेवा.

वाटणी कशी करायची? पॅकेजमध्ये हॉटेल, नाश्ता, बस येतात, म्हणजे उरतं दुपारचं जेवण, टॅक्सी, खरेदी. थायलंड-व्हिएतनामला रस्त्यावरच्या हातगाड्या रोखीवर चालतात, तिथे निम्मी रक्कम रोख बरी. सिंगापूर, दुबईला एक-तृतीयांश रोख पुरते. बाकीची फॉरेक्स कार्डात (आधीच परकीय चलन भरून घ्यायचं कार्ड), आणि बँकेचं व्हिसा कार्ड अडीअडचणीला, वेगळ्या पिशवीत.

फॉरेक्स कार्डात त्याच देशाचं चलन भरा. डॉलर भरून थायलंडला वापरलं, तर प्रत्येक खरेदीवर दुसऱ्यांदा बदली होते आणि त्याचे दोन-तीन टक्के जातात. दुबईला दिरहम डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे, त्यामुळे दर हलत नाही, पण बदलीचं शुल्क तिथेही लागू शकतं. साधं डेबिट कार्ड वापरलं तर साडेतीन टक्के मार्कअप (बँकेची जादा आकारणी) आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दहा हजारांमागे ४१३ रुपये. हा दर बँकेगणिक बदलतो, आधी विचारून घ्या.

थाई एटीएम परक्या कार्डाला एका वेळेस २२० बाथ किंवा जास्त शुल्क लावतं, तुम्ही हजार काढा की वीस हजार. हजार काढले तर २२ टक्के तिथेच गेले. म्हणून एकदाच, मोठी रक्कम.

मशीनवर किंवा दुकानात एक प्रश्न येतो: भारतीय रुपयांत बिल करायचं की स्थानिक चलनात? रुपये दिसले की माणूस खूश होतो आणि तेच दाबतो. दाबू नका. रुपयांतला दर दुकानदाराच्या बँकेचा असतो आणि तो महाग पडतो. पावतीवर सही करण्याआधी चलनाचं नाव वाचा. हॉटेलची अनामत फॉरेक्स कार्डावर देऊ नका, पैसे अडकतात आणि सुटायला दिवस लागतात. त्यापेक्षा रोख द्या आणि पावती जपून ठेवा.

लुंबिनीला जाणाऱ्यांचं गणित निराळं आहे. नेपाळात १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी होतात, १९९३ पासून हाच भाव आहे. तिथे शंभरापर्यंतच्या नोटा घेऊन जा. दोनशे-पाचशेच्या नोटांचे नियम बदलत आले आहेत आणि दुकानदार हात आखडता घेतात. शंभराच्या नोटांची दोन-तीन बंडलं बँकेतून आधीच सांगून ठेवा. भूतानचा न्गुलट्रम रुपयाच्या बरोबरीचा आहे, भाव काढायची गरजच नाही.

यूपीआय नेपाळ, भूतान, सिंगापूर, अमिराती, श्रीलंका, मॉरिशस इथल्या काही दुकानांत चालतं, पण अ‍ॅपमधलं आंतरराष्ट्रीय बटण इथूनच चालू करून जा. आपलं सिम फोनमध्येच राहू द्या आणि तिथलं सिम दुसऱ्या खणात घाला, नाहीतर ओटीपी येणार नाही. रोमिंग आधी चालू करा.

रोख एकत्र ठेवू नका. एक भाग बनियनच्या चोरखिशात, एक सुटकेसमध्ये, एक बायकोच्या पर्समध्ये. घामाने नोटा भिजतात, म्हणून आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला. कार्ड बंद करायचा +९१ ने सुरू होणारा नंबर कागदावर लिहून घ्या, १८०० चा नंबर परदेशातून बहुधा लागत नाही.

उरलेली नाणी विमानतळावर चहापाण्यात संपवा, इथे कोणी बदलून देत नाही. नोटा परत आल्यापासून १८० दिवसांत मोडा, २,००० डॉलरपर्यंत जवळ ठेवता येतात. फॉरेक्स कार्डातलं शिल्लक काढून घ्या, पडून राहिलं तर काही बँका शुल्क कापतात. आणि घरी पोचल्यावर अ‍ॅप उघडून आंतरराष्ट्रीय वापराची बटणं पुन्हा बंद करा.