एक्सपीचे भाव कसे लावायचे: होमब्रू करणाऱ्या जीएमसाठी

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेममधे जीएम (गोष्ट चालवणारा) प्लेयरना एक्सपी, म्हणजे अनुभवाचे पॉइंट, देतो आणि ते खर्च करून प्लेयर आपलं कॅरेक्टर (पात्र) वाढवतात. होमब्रू करायला, म्हणजे नियमांची स्वतःची सिस्टीम लिहायला, घेतली की बहुतेक जण आधी स्किल्सची (शिकलेल्या कसबांची) भलीमोठी यादी करत बसतात, नकाशे काढतात, देवांची नावं ठरवतात आणि मग शेवटी उरलेल्या अर्ध्या तासात किमती टाकून मोकळे होतात. ऍट्रिब्यूट (ताकद, चपळाई असे मूळ गुण) ५, स्किल २, जादू ७, का तर आधी खेळलेल्या गेममधे साधारण असंच काहीतरी होतं. पहिली चार-पाच सेशन (खेळाच्या बैठका) कोणाला काही कळतही नाही. मग एक दिवस कोणीतरी शेजारच्याचं शीट (कॅरेक्टरचे सगळे आकडे लिहिलेला कागद) उचलून बघतो आणि म्हणतो, अरे आपण दोघांनी बरोबर सुरुवात केली ना, एक्सपी पण सारखेच मिळाले, मग तुझ्याकडे एवढं सगळं कसं काय? आणि ज्याचं शीट भारी आहे त्याने काही चीटिंग केलेली नसते, फक्त कॅरेक्टर बनवताना त्याला गणित आधी दिसलं होतं.

हे गणित बघायला २००४ सालचं नवं वर्ल्ड ऑफ डार्कनेस हा गेम घ्या, उदाहरण म्हणून यापेक्षा स्वच्छ दुसरं नाही. कॅरेक्टर बनवताना स्किलच्या प्रत्येक ठिपक्याला (म्हणजे पातळीला) एकच पॉइंट, मग तो पहिला असो की चौथा (पाचव्याला दोन लागतात, म्हणजे लिहिणाऱ्यांनाही भानगड थोडीफार दिसली होती). पण खेळ सुरू झाल्यावर त्याच स्किलची किंमत होते नवीन ठिपका गुणिले ३, म्हणजे पहिला ३ ला, दुसरा ६ ला, तिसरा ९, चौथा १२. आता दोन प्लेयर घ्या, दोघांकडे चार-चार ठिपके. एकाने बंदुकीत ४ टाकले आणि गाडी चालवण्यात शून्य, दुसऱ्याने शहाण्यासारखे २ आणि २ टाकले. दोघांनाही शेवटी दोन्हीकडे ४ हवेत. पहिल्याला लागतात ३ अधिक ६ अधिक ९ अधिक १२, म्हणजे ३०. दुसऱ्याला ९ अधिक १२ असं दोनदा, म्हणजे ४२. शेवटी दोघांची शीटं डिट्टो सेम आणि एकाने १२ एक्सपी जास्त मोजले, तुम्ही सेशनला ४ देत असाल तर ती तीन सेशनची कमाई झाली. आणि हे एका जोडीचं, पूर्ण शीटवर अशा किती जोड्या असतात ते मोजा. गंमत म्हणजे शिक्षा कोणाला झाली तर ज्याने सगळीकडे थोडं थोडं येणारं, खऱ्या माणसासारखं कॅरेक्टर बनवलं त्याला.

त्यामुळे माझ्या मते पहिला नियम हाच, की कॅरेक्टर बनवताना आणि नंतर वाढवताना किंमत एकच ठेवायची. दोन रस्ते आहेत. एक, दोन्हीकडे चढती किंमत, म्हणजे सुरुवातीलाच प्रत्येकाला समजा १०० एक्सपी द्यायचे आणि त्याच भावाने सगळं विकत घ्यायला लावायचं. हे न्याय्य आहे पण नवीन माणसाला बसवून शंभर पॉइंटचा हिशोब करायला लावणं म्हंजे पहिली संध्याकाळ त्यातच जाते. दोन, दोन्हीकडे सपाट किंमत. क्रॉनिकल्स ऑफ डार्कनेसच्या (त्याच गेमचं नंतरचं नाव) दुसऱ्या एडिशनने शेवटी हेच केलं, ऍट्रिब्यूटचा कुठलाही ठिपका ४, स्किलचा कुठलाही २, विषय संपला. मला घरच्या खेळासाठी हे आवडतं. तक्रार अशी येते की सपाट किमतीत सगळे जण एकच गोष्ट वर नेतात, आणि ती खरी आहे, पण त्यावर सोपा उपाय म्हणजे वरची मर्यादा: अमुक सेशनपर्यंत कशातही ४ च्या वर जायचं नाही. एवढ्याने बरंचसं भागतं.

आता चढती किंमत ठेवायचीच असेल तर ती फाशांसोबत बघा, नुसत्या टेबलात बघू नका. ३डी६ (सहा बाजूंचे तीन फासे) टाकून बेरीज स्किलइतकी किंवा खाली आणायची असेल, गर्प्स या गेमसारखी, तर स्किल १० ला यशाची शक्यता ५० टक्के, ११ ला ६२.५, १२ ला साधारण ७४, १४ ला जवळपास ९१, १५ ला ९५ आणि १६ ला ९८. म्हणजे १० वरून ११ ला जाताना साडेबारा टक्के मिळाले आणि १५ वरून १६ ला जाताना तीनसुद्धा नाही. फायदा आपोआपच आटत चाललाय, त्यावर तुम्ही किंमतही वाढवत नेली तर १४ च्या वर कोणी जाणारच नाही, आणि तुमचा तो महान तलवारबाज फक्त एनपीसीच (जीएमने चालवायचं पात्र) राहील. गर्प्समधे हे जमतं कारण एक तर स्किलची एकूण किंमत १, २, ४, ८ अशी गेली तरी चारनंतर पुढच्या प्रत्येक पायरीला फक्त ४ च पडतात, आणि दुसरं म्हणजे दंड (अवघड कामासाठी स्किलमधून वजा होणारे आकडे) मोठे आहेत, कवटीवर वार करायचा तर वजा ७, डोळ्यावर वजा ९. त्यामुळे १८ स्किलवाल्याला खरंच काहीतरी मिळतं. तुमच्या खेळात असे दंड नसतील तर चढत्या किमतीचा मोह टाळा. याउलट डी२० (वीस बाजूंचा एक फासा) मधे प्रत्येक अधिक एक म्हणजे सरळ ५ टक्के, तिथे फायदा आटत नाही, तर तिथे किंमत चढवायला हरकत नाही.

पॉइंट न देताही किंमत चढवता येते हे कॉल ऑफ क्थुलू या गेमने छान दाखवलंय. वापरलेल्या स्किलवर नंतर शंभराचा फासा टाका, स्किलपेक्षा जास्त आला तरच वाढ, सातव्या एडिशनमधे वाढ १डी१० (दहा बाजूंच्या एका फाशावर येईल तेवढी). स्किल ४० असेल तर ६० टक्के वेळा वाढणार, सरासरी ३.३ पॉइंट. ८० असेल तर २० टक्के, सरासरी जेमतेम १.१. टेबल नाही, गुणाकार नाही, तरी तिप्पट महाग.

ऍट्रिब्यूट विरुद्ध स्किल, इथे मात्र जरा वेळ द्या कारण सगळ्यात जास्त होमब्रू इथेच फसतात. विचारायचं एवढंच: हा एक ऍट्रिब्यूट वाढवला तर एका कॅरेक्टरच्या खरोखर वापरातल्या किती गोष्टी एकदम वाढतात? यादीतल्या नाही, वापरातल्या. गर्प्सच्या चौथ्या एडिशनमधे डेक्स्टेरिटीची (चपळाईची) पायरी २० ची आणि स्किलची पायरी ४ ची, म्हणजे पाच मुरलेली स्किल्स असली की ऍट्रिब्यूट घेणं बरोबरीत आलं, सहावं असलं की स्वस्तच. वरच्या २००४ च्या सिस्टीममधे ऍट्रिब्यूट नवीन ठिपका गुणिले ५ होता, चौथा ठिपका २० ला, आणि दोन स्किल्स चौथ्या ठिपक्यावर न्यायची तर २४. म्हणजे दोनच स्किल्स वापरात असली तरी ऍट्रिब्यूट स्वस्त! मग कोण कशाला स्किल घेईल. मी साधारण असं धरतो की प्लेयर त्या ऍट्रिब्यूटखालची तीनेक स्किल्स नेमाने वापरणार असेल तर ऍट्रिब्यूट स्किलच्या अडीच ते तीनपट असावा, आणि त्याच्यावर हिट पॉइंट (किती मार सोसतो) किंवा इनिशिएटिव्हही (लढाईत कोणाची पाळी आधी) चालत असेल तर अजून वर. एक ऍट्रिब्यूट सगळेच जण घेतायत असं दिसलं तर भाव वाढवण्याआधी तो किती ठिकाणी घुसलाय ते बघा, बऱ्याचदा इनिशिएटिव्ह तिथून काढून दुसरीकडे दिलं की काम होतं.

बरं, किंमत स्वस्त की महाग हे कमाई बघितल्याशिवाय कळत नाही, पगार न सांगता घरभाडं परवडेल का विचारण्यासारखं आहे ते. डी अँड डीच्या (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) पाचव्या एडिशनमधे पहिलीवरून दुसरी लेव्हल ३०० एक्सपी आणि दहावीवरून अकरावी २१,०००, सत्तरपट, बापरे. पण चॅलेंज (प्राणी किती अवघड त्याचा आकडा) पाव असलेल्या प्राण्याचे ५० मिळतात आणि चॅलेंज १० वाल्याचे ५,९००, तेव्हा प्रत्यक्षात फरक तेवढा राहत नाही. आणि अकरावीवरून बारावी तर फक्त १५,०००, म्हणजे तिथे वेग मुद्दाम वाढवलेला दिसतो. पाथफाइंडर दुसऱ्या एडिशनने सरळ प्रत्येक लेव्हल १,००० ची केली आणि राक्षसाचे एक्सपी पार्टीच्या (प्लेयरच्या गटाच्या) लेव्हलशी तुलना करून द्यायला लावले, हिशोबाला हे कितीतरी बरं.

म्हणून उलटं सुरू करा. कॅम्पेन (सलग चालणारी पूर्ण गोष्ट) किती सेशनचं? समजा ३०, सेशनला ३ पॉइंट, म्हणजे ९० चं बजेट. आता स्किल नवीन पातळी गुणिले २ ठेवलं तर शून्यापासून ५ पर्यंत २, ४, ६, ८, १० मिळून ३०. म्हणजे ९० मधे तीन स्किल्स टोकाला, किंवा सात स्किल्स ३ पर्यंत (प्रत्येकी १२, मिळून ८४). कॅम्पेन संपताना हिरो असा दिसायला हवा का? हवा असेल तर ठीक, नको असेल तर आत्ताच बदला, कारण विसाव्या सेशनला भाव बदलले की भांडणं होतात. आणि हो, लोक येत नाहीत, परीक्षा असतात, गणपती असतात, त्यामुळे ३० म्हणालात तर २० धरूनसुद्धा एकदा हिशोब करा.

मग एक शीट उघडा, एक्सेल किंवा काहीही, आणि तीन कॅरेक्टर बनवा: एक फक्त एकच गोष्ट ताणणारा, एक सगळीकडे थोडं थोडं टाकणारा आणि एक सगळे पॉइंट ऍट्रिब्यूटमधे ओतणारा. तिघांना ०, ३०, ६० आणि ९० पॉइंटवर उभं करा आणि त्याच चार-पाच नेहमीच्या कामांवर त्यांची टक्केवारी काढा: लढणं, लपणं, बोलून पटवणं, माग काढणं. तिसरा माणूस पहिल्याच्या खास कामातही त्याच्या जवळपास पोचत असेल तर ऍट्रिब्यूट स्वस्त आहे. दुसरा ९० वर पण कशातच साठ टक्क्यांच्या वर नसेल तर त्याला खेळात करायला काही उरणार नाही. टेबलवर जो सगळ्यात हिशोबी मित्र आहे त्याला हे शीट द्या आणि सांग म्हणावं यात भोक कुठेय, तो दहा मिनिटांत शोधतो.

कॅम्पेन आधीच चालू असेल आणि भाव चुकलेले असतील तर कोणाचंही काही काढून घेऊ नका. नव्या भावाने प्रत्येक शीटची एकूण किंमत काढा, सगळ्यात वरचा आकडा घ्या, आणि बाकीच्यांना जेवढा फरक निघेल तेवढे पॉइंट हातात द्या, हवे तेव्हा खर्च करा म्हणून. कोणाला ८ मिळतील कोणाला १५, वरच्याला काही नाही, तो थोडा कुरकुरेल, पण त्याचं शीट जसंच्या तसं आहे. नवे भाव पुढच्या सेशनपासून लागू करा आणि ग्रुपवर टाकून ठेवा.