मोठ्या स्प्रेडशीटमध्ये कीबोर्डने वावरताना या चुका टाळा

हजारो ओळींच्या स्प्रेडशीटमध्ये माउसचे चाक फिरवत खाली जाण्यापेक्षा कंट्रोल आणि बाणाची कळ एकत्र दाबणे केव्हाही सोयीचे असते, आणि नियमित काम करणारे बहुतेक जण ही जोडी लवकरच आत्मसात करतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. या कळा अमुक ठिकाणी का थांबतात हे ठाऊक नसेल, तर त्या थांबल्या तिथेच माहिती संपली असे आपण धरून चालतो आणि त्याच भरवशावर बेरीज करतो, मजकूर कॉपी करतो, प्रसंगी ओळी काढूनही टाकतो. पुढील विवेचन मुख्यतः एक्सेलच्या अनुषंगाने आहे. गुगल शीट्सबद्दल काही असेल तिथे तसे सांगितले आहे.

रिकामा सेल म्हणजे शेवट नव्हे

कंट्रोल आणि खालचा बाण दाबल्यावर एक्सेल सलग भरलेल्या सेलांच्या टोकापर्यंत जाते. आपण भरलेल्या सेलवर असू आणि त्याखालचा सेलही भरलेला असेल, तर पहिल्या रिकाम्या सेलच्या अलीकडे ते थांबते. खालचा सेल रिकामा असेल, तर ते पुढच्या भरलेल्या सेलवर उडी घेते, आणि तसा एकही सेल नसेल तर थेट शीटच्या तळाला, म्हणजे १०,४८,५७६ व्या ओळीवर जाऊन पोहोचते. समजा, पाच हजार ओळींच्या यादीत ८१२ व्या ओळीतील एकच रक्कम भरायची राहिली आहे. अशा वेळी कळ ८११ व्या ओळीवर थांबेल, आणि शिफ्टही सोबत दाबली असेल तर तेवढाच भाग निवडला जाईल. त्या भागाची बेरीज पूर्ण यादीच्या बेरजेइतकीच नीटनेटकी दिसते व कोणतीही सूचना येत नाही, म्हणून माझ्या मते ही चूक सर्वांत घातक आहे.

हे टाळण्यासाठी खाली जाताना अनुक्रमांकासारखा, जिथे एकही जागा रिकामी राहत नाही असा कॉलम निवडावा. त्याहून खात्रीचा मार्ग तळातून वर येण्याचा आहे. सूत्रपट्टीच्या डाव्या टोकाला असलेल्या नेम बॉक्समध्ये कॉलमचे अक्षर आणि त्याला जोडून १०४८५७६ हा आकडा इंग्रजी अक्षर-अंकांत लिहून एंटर दाबावे आणि मग कंट्रोलसह वरचा बाण दाबावा. त्या कॉलममधील शेवटचा भरलेला सेल मिळतो, मग मध्ये कितीही खंड असोत. एक्सेल २००७ च्या आधीच्या एक्सएलएस स्वरूपातील फाइल असेल, तर तिथे ओळींची मर्यादा ६५,५३६ आहे हे ध्यानात ठेवावे.

याच्या उलट प्रकारही घडतो. सेल डोळ्यांना रिकामा दिसतो, पण त्यात एकही अक्षर नसलेला मजकूर देणारे सूत्र असते, आणि एक्सेलच्या लेखी तो भरलेलाच असतो. सूत्रे काढून केवळ मूल्ये पेस्ट केली तरी हा दोष बहुधा मागे राहतो. त्यामुळे कळ माहितीच्या कितीतरी खाली जाऊन थांबते. शंका आल्यास आयएसब्लँक हे फंक्शन त्या सेलवर वापरून पाहावे; उत्तर फॉल्स आले, तर सेल खऱ्या अर्थाने रिकामा नाही. असे सेल निवडून डिलीट दाबले की ते रिकामे होतात.

कंट्रोल आणि एंड यांच्याबद्दलचा गैरसमज

ही जोडी शेवटच्या नोंदीवर नेते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती वापरात आलेल्या क्षेत्राच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर नेते, आणि वापरात आलेला सेल म्हणजे भरलेला सेलच असे नाही. कधीतरी रंग किंवा चौकट दिलेला रिकामा सेलही त्यात मोजला जातो. त्यामुळे माहिती चारशे ओळींची असूनही कर्सर नऊ हजाराव्या ओळीवर जाऊ शकतो. अशा वेळी केवळ डिलीट दाबून उपयोग होत नाही, कारण त्याने मजकूर जातो, रंगरूप तसेच राहते. माहितीखालच्या पूर्ण ओळी निवडून कंट्रोल आणि वजा चिन्हाने त्या काढून टाकाव्यात व फाइल सेव्ह करावी.

कंट्रोल आणि होम यांचेही असेच आहे. फ्रीझ पेन्सने वरच्या ओळी गोठवल्या असतील, तर कर्सर पहिल्या सेलऐवजी गोठवलेल्या भागानंतरच्या पहिल्या सेलवर जातो. हा बिघाड नाही.

निवड न तपासता पुढे जाणे

लांब निवड केल्यावर तिचे एकच टोक पडद्यावर दिसते, त्यामुळे दुसऱ्या टोकाला काय आले आहे हे न पाहताच पुढची कृती केली जाते. कंट्रोल आणि पूर्णविराम दाबत राहिल्यास कर्सर निवडीच्या एकेका कोपऱ्यावर फिरतो. तळपट्टीवरील (स्टेटस बारवरील) भरलेल्या सेलांची संख्याही पाहावी. ती अपेक्षित नोंदींशी जुळत नसेल तर तिथेच थांबावे. ओळी हाताने लपवलेल्या असतील तर कॉपी करताना त्याही सोबत येतात, म्हणून आधी आल्ट आणि अर्धविरामाने फक्त दिसणारे सेल निवडावेत.

कळा चालत नाहीत असे वाटते तेव्हा

बाण दाबल्यावर कर्सर न हलता संपूर्ण शीटच सरकत असेल, तर स्क्रोल लॉक सुरू आहे. ही कळ लॅपटॉपवर नसेल, तर विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून ती बंद करता येते. बाण दाबताच निवड आपोआप वाढत असेल तर चुकून एफ-८ दाबले गेले आहे. एस्केप दाबले की पूर्ववत होते. बाण सेलच्या आतील अक्षरांमध्येच फिरत असतील, तर आपण संपादनात आहोत. या अवस्था तळपट्टीच्या डाव्या कोपऱ्यात दिसू शकतात, म्हणून आधी तिकडे पाहण्याची सवय लावणे फार हिताचे आहे.

एक्सेलमध्ये हव्या त्या सेलवर जाण्यासाठी एफ-५ ही कळ असते, पण अनेक लॅपटॉपवर ती दाबल्यास आवाज किंवा प्रकाश बदलतो. तिथे एफएन कळ सोबत दाबावी लागते. मॅकवर कंट्रोल आणि बाण या जोड्या बहुधा प्रणालीने स्वतःसाठी राखलेल्या असतात, म्हणून कमांड आणि बाण वापरावेत. ब्राउझरमधील गुगल शीट्समध्ये कंट्रोल आणि पेज डाउन दाबल्यास शीटऐवजी ब्राउझरचा टॅब बदलतो. विंडोजवर पुढच्या शीटसाठी आल्ट आणि खालचा बाण आहे.

एक कारण क्वचित आढळते, पण ते लवकर सापडत नाही. होम दाबल्यावर कर्सर ओळीच्या सुरुवातीला न जाता थेट पहिल्या सेलवर जात असेल, आणि कंट्रोलसह डावा-उजवा बाण दाबल्यास एकेक पडदा सरकत असेल, तर एक्सेलच्या ऑप्शन्समधील ॲडव्हान्स्ड विभागात अगदी तळाशी लोटस कंपॅटिबिलिटी या शीर्षकाखाली ट्रान्झिशन नेव्हिगेशन कीज हा पर्याय निवडलेला आहे का ते पाहावे आणि असल्यास तेथील खूण काढावी.