सकाळची शाळा आणि नागपूरची थंडी: पोरांना कसं जपावं

नागपूरकर उन्हाळ्याची तयारी मार्चपासून करतो. कूलरच्या ताट्या बदलतो, पन्ह्याची सोय बघतो, दुपट्टे धुऊन ठेवतो. हिवाळ्याची तयारी मात्र कूलरवर प्लास्टिक झाकलं आणि दिवाणातून स्वेटर काढले की संपते. आपली घरंसुद्धा उन्हाळा डोळ्यासमोर ठेवून बांधलेली. मग डिसेंबरअखेर उत्तरेचं वारं सुटतं, आभाळ निरभ्र होतं आणि फरशीवर पाय ठेववत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला तर इथला पारा ३.५ अंशांवर गेला होता.

या थंडीची एक खोड ध्यानात घ्या. सकाळी ८ अंश आणि दुपारी २६-२७, हे इथे एकाच दिवशी होतं. ढग नसले, हवा कोरडी असली की जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते आणि सगळ्यात कमी तापमान सूर्योदयाच्या आसपास असतं. जानेवारीच्या सुरुवातीला नागपुरात सूर्य उगवतो साधारण पावणेसातच्या पुढे. नेमका तेव्हाच व्हॅनवाल्या काकांचा हॉर्न वाजतो. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ नंतर भरवायला सांगितले, पण पाचवीपासूनच्या पोरांना बऱ्याच ठिकाणी सातची शाळा आहेच. म्हणजे सांभाळायचे आहेत ते सकाळचे दोन-अडीच तास.

आदल्या रात्री

झोपण्याआधी उद्याचं किमान तापमान बघा. मैदानी भागात पारा १० किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी कमी असला, की हवामान खातं थंडीची लाट म्हणतं. ४ अंशांवर आला तर सरासरी न बघताच लाट. माझा घरचा हिशेब सोपा आहे: १० च्या खाली दिसलं की तीन थर.

गणवेश रात्रीच काढून पोराच्या पांघरुणात पायथ्याशी घडी करून ठेवा. सकाळी तो अंगाइतकाच ऊबदार मिळतो आणि कपडे घालताना होणारी रडारड निम्म्यावर येते. शनिवारच्या पीटीचे पांढरे बूट शुक्रवारी धुऊ नका. आतून ओलसर राहिलेल्या बुटाने पाय जसे गारठतात, तसे नुसत्या हवेने गारठत नाहीत.

अंघोळ आणि खाणं

केस सकाळी धुऊ नका, ते काम रविवारच्या दुपारचं.

आता जरा कडक बोलते. थंडी आत येते म्हणून बाथरूमच्या झरोक्यात पुठ्ठा खोचलेली घरं मी पाहिली आहेत, आणि आत गॅस गीझर चालू. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना वास, ना रंग, आणि माणूस जागच्या जागी बेशुद्ध पडतो. पुठ्ठा आजच काढा. गरम पाणी बादलीत भरून घ्या, गीझर बंद करा, मग पोराला आत पाठवा. कोळशाच्या शेगडीचंही तेच: दारं-खिडक्या लावून झोपायच्या खोलीत ती ठेवायची नाही.

उपाशीपोटी थंडी जास्त वाजते, कारण अंगातली ऊब शेवटी अन्नातूनच येते. सकाळी साडेसहाला पोळी-भाजी कोणतंच पोट्टं खात नाही, त्याचा हट्ट धरू नका. कोमट दूध आणि तिळाचा लाडू, नाहीतर रात्रीच्या पोळीचा गूळ-तूप घालून केलेला कुस्करा पुरतो. बाटलीत कोमट पाणी द्या. गार पाण्याची बाटली जशीच्या तशी घरी परत येते.

कपड्यांचे थर

एका जाड स्वेटरपेक्षा दोन पातळ कपडे बरे, कारण दोन कापडांमध्ये अडकलेली हवाच ऊब धरते. आत अंगालगत इनर, त्यावर शर्ट, त्यावर स्वेटर. विणलेल्या स्वेटरमधून वारा मात्र आरपार जातो, म्हणून सर्वात वर वारा अडवणारं काहीतरी हवं. नवं जॅकेट आणायलाच पाहिजे असं नाही. पावसाळ्यातला रेनकोट दाराआड टांगलेला असतो, त्याचा वरचा भाग स्वेटरवर चढवा. दिसतो विचित्र, पण काम चोख करतो. स्कर्टवाल्या मुलींना आतून लेगिंग्ज. कान झाकणारी टोपी आणि हातमोजे रस्त्यात काढायचे नाहीत, हे निघतानाच ठरवून घ्या.

रस्त्यावर

खरी गफलत दुचाकीवर होते. मीही केली आहे. मुलगा पहिलीत असताना त्याला मोपेडवर पुढे उभा करून नेत होते. एका सकाळी शाळेच्या फाटकाशी उतरला आणि दप्तराची चेनच उघडेना. बोटं लाकडासारखी झाली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मागे बसून मला काही जाणवलं नव्हतं, कारण माझा वारा तो अडवत होता. हवा ८ अंशांची असली तरी ताशी ४० च्या वेगाने जाताना उघड्या चेहऱ्याला ती ३-४ अंशांसारखी लागते. तेव्हापासून तो मागे बसतो, माझ्या पाठीला चिकटून, हेल्मेट घालून. गाडी २५ च्या पुढे जात नाही, आणि त्यासाठी आम्ही दहा मिनिटं लवकर निघतो.

मफलरची टोकं स्वेटरच्या आत खोचा. लोंबती राहिली तर चाकात जातात.

ऑटो किंवा व्हॅन असेल तर पोरांना चौकात उभं करू नका. काकांना एक मिस कॉल द्यायला सांगा, मग घरातून निघा. ऑटोच्या उघड्या बाजूला पावसाळ्यातला पडदा हिवाळ्यातही राहू द्या म्हणावं.

शाळेत

वर्गशिक्षिकेशी दोन गोष्टी बोलून घ्या. पारा उतरलेल्या दिवशी प्रार्थना वर्गात किंवा उन्हाच्या बाजूला घ्यावी, आणि स्वेटरच्या रंगावरून पोरांना टोकू नये. शाळेचा ठरावीक स्वेटर कित्येकदा इतका विरळ असतो की त्यातून उजेड दिसतो. आत दुसरा घालू देतील, पण विचारावं लागतं. दम्याच्या मुलांना कोरड्या गार हवेत धावलं की धाप लागू शकते. त्यांचा पंप दप्तरात आहे आणि तो कधी द्यायचा, हे बाईंना माहीत हवं.

केव्हा घाबरायचं

हुडहुडी भरणं म्हणजे शरीर झगडत आहे. मूल आत न्या, ओले कपडे बदला, पांघरुणात गुंडाळून जवळ घ्या, कोमट गोड काही पाजा. बोटं सुन्न असतील तर ती काखेत धरायची. शेगडीवर शेकायची नाहीत आणि उकळत्या पाण्यातही घालायची नाहीत, सुन्न कातडीला चटका कळत नाही. मूल पेंगायला लागलं, जीभ जड झाली, चालताना अडखळलं, किंवा अजून गार असताना एकदम कापायचं थांबलं, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा. अशा मुलाला काही पाजूही नका, घशात अडकेल.

दुपारी

शाळा सुटते तेव्हा ऊन चांगलं तापलेलं असतं आणि पोरं तोच स्वेटर घालून पकडापकडी खेळतात. घाम आत मुरतो. स्वेटर काढून ठेवायला दप्तरात एक कापडी पिशवी द्या आणि कॉलरच्या आत मार्करने नाव लिहा, नाहीतर जानेवारीपर्यंत दोन हरवतील. घरी आला की स्वेटर उलटा करून गच्चीवर दोरीला टाका, चार वाजेपर्यंतच, ऊन उतरायच्या आत काढून घ्या.