स्टॅफर्डशायरच्या जुन्या मूर्ती पारखताना या चुका टाळा

चकचकीत झिलई दिसली की आपण ‘चिनी माती’ म्हणून मोकळे होतो. पहिली चूक तिथेच होते. १८व्या शतकात इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात घडलेल्या मेंढपाळांच्या, वादकांच्या, सिंहांच्या वीतभर मूर्ती चिनी मातीच्या (पोर्सिलेनच्या) नाहीत. दक्षिण इंग्लंडमधल्या डेव्हन-डॉर्सेटकडची फिकी चिकणमाती, तिच्यात चकमकीच्या दगडाची भाजून दळलेली पूड आणि वर शिशाची झिलई. भट्टीतून निघाल्यावरही ही माती पाणी पिते. म्हणून अशी मूर्ती पाण्यात बुडवून कधीही धुऊ नका. बुडाशी झिलई नसेल तर तिथून पाणी आत शिरतं, डाग पसरतात, जुनी डागडुजी सुटते. कापसाचा ओलसर बोळा पुरे.

दुसरी चूक चेहऱ्यावर भाळण्याची. आधी मूर्ती उलटी करा. कारागीर मूळ नमुन्यावरून प्लास्टरचे साचे काढत, मातीची पोळी बोटांनी साच्यात दाबत, दोन्ही अर्धे पातळ मातीने सांधत आणि हात, टोपी, कोकरू वेगळं घडवून चिकटवत. त्यामुळे आत डोकावलं की जाडी कुठे कमी, कुठे जास्त दिसते आणि बोटांचे ठसे सापडतात. असा ठसा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यात माझा अंगठा टेकवला. ठसा लहान होता. त्या कारखान्यांत लहान मुलंही राबत असत, हे मला तेव्हाच आठवलं.

पातळ माती ओतून काढलेली नक्कल आतून एकसारखी गुळगुळीत असते आणि तळाशी बरेचदा ओतण्याचं मोठं भोक असतं. ओतकाम स्टॅफर्डशायरला १८व्या शतकातही ठाऊक होतं, तेव्हा एवढ्यावरच निकाल देऊ नका. पण शंका जरूर घ्या.

तपकिरी-हिरवे ओघळ दिसले की विक्रेते लगेच ‘व्हील्डन’ म्हणतात. स्टॅफर्डशायरमधल्या फेंटन गावचा टॉमस व्हील्डन (१७१९–१७९५) मोठा कुंभार होता खरा, पण तीच पद्धत कितीतरी जण वापरत आणि बहुतेक मूर्तींवर शिक्का नसतोच. ‘व्हील्डन पद्धतीची’ म्हणणंच प्रामाणिक. त्यापेक्षा रंग कसा लावलाय ते बघा. एकदा भाजलेल्या मूर्तीवर मँगनीजचा तपकिरी, तांब्याचा हिरवा टिपून वर पारदर्शक झिलई दिली की रंग एकमेकांत वाहतात. त्याच भागातल्या बर्स्लेमच्या राल्फ वुड या कुंभाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूर्तींत रंगीत झिलईच कुंचल्याने लावलेली असते, म्हणून कोट आणि विजार वेगवेगळे राहतात.

झिलईवरच्या बारीक भेगांची जाळी म्हणजे जुनेपणाचा पुरावा नव्हे. माती आणि झिलई सारख्या आक्रसत नाहीत, म्हणून ती पडते. नकलेत ती मुद्दाम पाडून काळी करतात. अंगभर एकसारखी गडद जाळी असेल तर पैसे देण्याआधी थांबा. ‘पर्लवेअर’च्या, म्हणजे निळसर पांढऱ्या झिलईच्या आणि साधारण १७८०नंतरच्या, मूर्तींत चुण्यांमध्ये झिलई साचते तिथे कोबाल्टमुळे फिकट निळी छटा दिसते. ऑनलाइन घेत असाल तर त्या चुण्यांचा आणि तळाचा, दिवसाच्या उजेडात काढलेला फोटो मागा.