रंधा मशीन बंद पडली तर आधी कार्बन बघा

हाताचा इलेक्ट्रिक रंधा चालता चालता थांबला की लगेच दुकानात पळू नका, आधी प्लग काढा, मग बॉडीच्या दोन्ही बाजूंची काळी झाकणं उघडून कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे छोटे ठोकळे) बाहेर काढा. झिजून ५-६ मिलिमीटर उरले असतील तर जोडीनेच बदला, एकच बदलून चालत नाही. नवे घालूनही कम्युटेटरभोवती (कार्बन ज्या तांब्याच्या गोल भागावर घासतात, त्याच्याभोवती) गोल ठिणग्या फिरत असतील, जळका वास येत असेल तर आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) गेलंय समजा, मग मेकॅनिककडेच न्या. वॉरंटी असेल तर मशीन स्वतः अजिबात खोलू नका, बिल घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. रिवाइंडिंग (जुन्या आर्मेचरची तार नव्याने गुंडाळणं) करण्याआधी नव्या आर्मेचरचा भाव नक्की विचारा, आणि जुना पार्ट परत मागून घ्या, माझा तरी हा नियमच आहे.