सापळ्यातले पतंग उडून जाण्याआधी मोजायचे असतील तर

इंग्लंडात ऑगस्टअखेर बागेतल्या दिव्याच्या सापळ्यात (रात्री उजेडाकडे येणारे कीटक ज्यात शिरतात ती पेटी) लार्ज यलो अंडरविंग जातीचे पतंग इतके भरतात की झाकण उघडताच पांगापांग होते आणि मोजणी राहते बाजूला.

१. रात्रीच आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ठेवा. पतंग खाचांत बसून राहतात.

२. उजाडताच एकेक ट्रे हळूच काढा, ओळखीचे तिथेच रेघा मारत मोजा.

३. अनोळखी पतंग पारदर्शक डबीत घालून १० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीझरमध्ये नव्हे!). मग आलेखाच्या कागदावर ठेवून फोटो काढा, मापही मिळतं.

४. नोंदीत तारीख दिवा लावला त्या संध्याकाळची लिहा. माझा घोळ इथेच व्हायचा.

ट्रेखाली गांधीलमाशी दडलेली असते, आधी वाकून बघा. पतंग दाट झुडपात सोडा. रॉबिन पक्षी त्यांना खायला टपलेलाच असतो.