युद्धकाळातला सरकारी दावा घरबसल्या कसा तपासावा

मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं खरी लढाई म्हणून फिरत होती. ती पकडायला रिव्हर्स इमेज सर्च, म्हणजे चित्र टाकून ते आधी कुठे आलंय ते शोधणं, पुरतो. सरकारी पत्रकार परिषदेत दाखवलेलं उपग्रहचित्र मात्र त्याने सापडत नाही, कारण ते आधी कुठे प्रसिद्धच झालेलं नसतं. ‘गुगलवर टाकून बघा’ हा सल्ला तिथे कुचकामी आहे.

आधी मूळ निवेदन वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या साइटवर, जतन करा. मजकूर संशयास्पद वाटला तर त्यातली वाक्यं अवतरणचिन्हांत घालून शोधा. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटिश सरकारने इराकवर काढलेल्या दस्तऐवजाचा मोठा भाग एका संशोधकाच्या लेखातून चुकांसकट उचललेला होता, हे केंब्रिजच्या ग्लेन रंगवाला यांनी उघड केलं. चित्रातली जागा नकाशावर जुळवा. त्याला चिकाटी लागते, एवढंच.

खरी कसोटी तारखेची. चित्रावर छापलेली तारीख हा पुरावा नसतो, तोही दावाच असतो. १७ जुलै २०१४ रोजी युक्रेनवर मलेशिया एअरलाइन्सचं एमएच १७ हे प्रवासी विमान पाडलं गेलं, २९८ माणसं गेली. चार दिवसांनी रशियाच्या संरक्षण खात्याने उपग्रहचित्रं दाखवून युक्रेनच्या ‘बुक’ या विमानवेधी क्षेपणास्त्रांकडे बोट दाखवलं. खुल्या माहितीवरून तपास करणाऱ्या बेलिंगकॅट या गटाने ती गुगल अर्थवरच्या चित्रांशी ताडून पाहिली. वाहनांच्या वर्दळीने जुलैत नाहीशी झालेली हिरवळ रशियाच्या ‘जुलैच्या’ चित्रात शाबूत होती. चित्रं जूनमधली निघाली. बेलिंगकॅटच्या त्याच अहवालात एरर लेव्हल अ‍ॅनालिसिसचाही (चित्रात कुठे फेरफार झाला ते ठिपक्यांनी दाखवू पाहणाऱ्या पद्धतीचा) आधार घेतला होता आणि त्यावर प्रतिमातज्ज्ञांनी सडकून टीका केली. म्हणून माझं ठाम मत: रंगीबेरंगी ठिपके दाखवून ‘फोटोशॉप’ ओरडणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका. जमीन बघा.

हात बसवायला जुनी उपग्रहचित्रंही दाखवणाऱ्या गुगल अर्थ प्रोमध्ये नवी मुंबई विमानतळाची जागा उघडा. उलव्याची टेकडी वर्षागणिक कशी कापली गेली ते पाहा. मग मित्राला तारीख झाकून एखादं चित्र द्यायला सांगा आणि ते कधीचं ते ओळखा. तीन गोष्टी हमखास फसवतात. एप्रिलचं करपलेलं येऊरचं जंगल आणि ऑगस्टचं हिरवंगार येऊर शेजारी ठेवून ‘बदल झाला’ म्हणू नका, तुलना एकाच ऋतूतली हवी. ठाणे खाडीचा किनारा भरती-ओहोटीने सरकतो, तो भराव नव्हे. आणि पडद्यावरचं दृश्य वेगवेगळ्या दिवसांच्या चित्रांचं ठिगळ असतं, तेव्हा नेमक्या जागेवर जवळ जाऊनच तारीख वाचा.

ताजं चित्र हवं तर कोपर्निकस ब्राउझर या युरोपीय साइटवर सेंटिनेल-२ उपग्रहांचं फुकट मिळतं, साधारण दर पाच दिवसांनी. पण त्याचा एक ठिपका १० मीटरचा; ठाणे पालिकेच्या टीएमटीची अख्खी बस जेमतेम एका ठिपक्यात येते. त्यावरून रणगाडे मोजणाऱ्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. पावसाळ्यात तर ढगच दिसतात.

लिहिताना जेवढं सिद्ध झालं तेवढंच लिहा. रशियाच्या चित्रांची तारीख खोटी ठरली, तरी विमान कुणी पाडलं हे त्यातून सिद्ध होत नव्हतं; ते पाडणारं बुक रशियन लष्कराच्या ५३व्या ब्रिगेडचं होतं, हे सांगायला आंतरराष्ट्रीय तपास पथकाला २०१८ उजाडलं. चालू कारवाईतल्या आपल्या सैन्याची हालचाल दिसली तर ती जाहीर करू नका. बाकी सगळं, म्हणजे अक्षांश-रेखांश, चित्रांच्या तारखा, जतन केलेल्या निवेदनाची लिंक, सोबत जोडा. म्हणजे तुमच्याशी सहमत नसलेल्यालाही तीच तपासणी स्वतः करता येईल.